‘जुन्यावर तर नीट चालत होतं!’

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट बंद केला आणि तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूरच बदललाय. कॉलेजांच्या लॅबमधली जुनी मशीन्स विंडोज ११ घेत नाहीत, त्यांच्यात टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसते, नवीन घ्यायला ग्रँट नाही, मग कुणीतरी एका शनिवारी बसून सगळीकडे उबुंटू, म्हणजे लिनक्स, टाकून देतं आणि सोमवारी ज्यांचं संशोधन त्या मशीनवर चालतं त्यांच्या पोटात गोळा येतो. काहीजण इंटेलच्या मॅकवरून ॲपलच्या स्वतःच्या एम चिपच्या मॅकवर गेलेत, त्यांचंही गाऱ्हाणं तेच. म्हणून या वेळी सगळे प्रश्न याच विषयावरचे घेतलेत.

प्रश्न: ताई, मी सांगलीला एमटेक करतोय, कृष्णा-कोयनेच्या पुरावर प्रोजेक्ट आहे. धरणातून सोडलेल्या पाण्याचे रोजचे आकडे क्युसेकमध्ये एका फाईलमध्ये आहेत, सीनियरने पायथनमध्ये लिहिलेला प्रोग्राम विंडोजवर तीन वर्षं चालला. आता लॅबमध्ये लिनक्स आलं तर त्याच फाईलवर प्रमाण विचलन बरंच जास्त येतंय. सर म्हणतात नव्यावर भरवसा ठेवू नकोस, जुना आकडाच लिही. काय करू?

प्रोग्राम सोबत पाठवलास ते फार बरं केलंस, कारण तो वाचल्यावर मला सांगता येतंय की चूक जुन्या मशीनवर होत होती, नवीन मशीन बरोबर आहे.

झालंय काय ते बघ. प्रोग्राम फाईल वाचताना आकडे पूर्णांक म्हणून घेतो, डीटाइप इंट. आता हा ‘इंट’ किती मोठा ते नमपाय ही पायथनची हिशोबाची लायब्ररी मशीनवर सोडून द्यायची. लिनक्स आणि मॅकवर तो ६४ बिटचा, पण विंडोजवर ३२ बिटचा, आणि ३२ बिटमध्ये मावणारा सगळ्यात मोठा आकडा म्हणजे २,१४,७४,८३,६४७. तुझा प्रोग्राम रोजच्या विसर्गाचा वर्ग करतो. ४६,३४० चा वर्ग २,१४,७३,९५,६००, तो जेमतेम मावतो. ४६,३४१ चा मावत नाही. आणि मावला नाही तर नमपाय थांबत नाही, ओरडत नाही, गुपचूप चुकीचा आकडा ठेवून पुढे जातं. ५०,००० क्युसेकचा वर्ग अडीचशे कोटी यायला हवा, तिथे तुझ्या जुन्या मशीनवर उणे १,७९,४९,६७,२९६ यायचा. वर्ग आणि उणे! नंतर सरासरी काढताना हा उणे आकडा बाकीच्या शेकडो दिवसांत विरघळून जायचा आणि शेवटचं उत्तर दिसायला अगदी सोज्वळ, फक्त खऱ्यापेक्षा कमी.

मला यात सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? उन्हाळ्यातले, हिवाळ्यातले, साध्या पावसाचे सगळे दिवस बरोबर मोजले गेले आणि नेमके पुराचे दिवस, ज्यांच्यासाठी हा सगळा प्रोजेक्ट आहे, तेवढेच चुकले.

आता तुझ्या सरांबद्दल. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, तीन वर्षं ज्या मशीनने उत्तर दिलं त्याच्यावर माणसाचा जीव बसतो आणि घरात काही बिघडलं की पहिला आळ नवीन आलेल्यावरच जातो. वाद घालू नकोस. फाईलमधले ४६,३४० च्या वरचे पाच दिवस काढ, कॅल्क्युलेटर घे, सरांसमोर वर्ग कर आणि दोन्ही मशीनचे आकडे शेजारी ठेव, बास. नंतर प्रोग्राममध्ये आकडे वाचतानाच फ्लोट, म्हणजे दशांशाचे आकडे, म्हणून घे, आणि प्रमाण विचलनासाठी नमपायचं तयार फंक्शन वापर, ते स्वतःच दशांशात हिशोब करतं, सीनियरने तेच वापरलं असतं तर हे घडलंच नसतं. जून २०२४ मध्ये आलेल्या नमपाय २.० पासून ६४ बिटच्या विंडोजवरही इंट ६४ बिटचाच झालाय, म्हणजे यात लिनक्सची जादू वगैरे काही नाही. आणि एक, सीनियरला फोन कर. त्याच्या रिपोर्टमध्ये तोच जुना आकडा गेला असणार, तो दुरुस्त व्हायला हवा, अवघड वाटलं तरी हा फोन टाळू नकोस.

प्रश्न: मी कोल्हापूरचा, भौतिकशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, वय ७४. तरुणपणी लिहिलेला फोरट्रान ७७ चा प्रोग्राम आधी डॉसवर मग विंडोजवर चालवत आलो. नातवाने लॅपटॉपवर उबुंटू आणि जीफोरट्रान हा कंपायलर, म्हणजे प्रोग्राम मशीनच्या भाषेत आणणारा, घालून दिला. प्रोग्राम चालतो, पण दर वेळी उत्तर वेगळं येतं! शिवाय जे आकडे जुळतात त्यांचेही शेवटचे अंक जुळत नाहीत. माझं गणितच चुकलं होतं की काय अशी शंका येऊ लागली आहे.

सर, शेवटचं वाक्य वाचून फार वाईट वाटलं, म्हणून आधी ते सांगते: तुमचं गणित चुकलेलं नाही. यात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, एक दुरुस्त करायची आहे आणि दुसरी सोडून द्यायची आहे.

दर वेळी वेगळं उत्तर येतं याचा बहुतेक वेळा एकच अर्थ असतो, की कुठलातरी व्हेरिएबल सुरुवातीची किंमत न देता वापरला गेलाय. तुमच्या काळातले बरेच कंपायलर सबरूटीनमधल्या व्हेरिएबल्सना कायमची जागा द्यायचे, सुरुवातीला तिथे शून्य असायचं आणि सबरूटीन परत बोलावलं की मागची किंमत तशीच सापडायची. भाषेच्या नियमात त्यासाठी ‘सेव्ह’ लिहायला सांगितलं होतं, पण न लिहिता चालत होतं म्हणून कुणीच लिहीत नव्हतं, मीही नव्हते लिहीत. आता जीफोरट्रान तीच जागा स्टॅकवर, म्हणजे तात्पुरत्या जागेत, देतो, म्हणजे पंगतीत आधीचा माणूस उठला आणि ताट न विसळताच तुम्हाला वाढलं, त्यात आधीचं काय राहिलंय ते नशीब. नातवाला सांगा, कंपाईल करताना ‘एफ-नो-ऑटोमॅटिक’ आणि ‘एफ-इनिट-लोकल-झिरो’ हे दोन पर्याय लावून बघ. उत्तर स्थिर झालं तर रोग कळला. पण त्यावर थांबू नका, वॉर्निंग सगळ्या चालू करून कंपाईल करा, ‘एफ-चेक-ऑल’ लावा, आणि ज्या व्हेरिएबलवर बोट ठेवलं जाईल तिथे हाताने शून्य किंवा सेव्ह लिहा. संध्याकाळी दोघांनी मिळून बसायचं काम आहे हे, तुम्हाला प्रोग्राम माहितीये आणि त्याला मशीन.

शेवटच्या अंकांचं मात्र मनावर घेऊ नका. जुन्या इंटेल मशीनचा गणिताचा भाग आतल्या आत ८० बिटमध्ये हिशोब करायचा, १८-१९ अंकांपर्यंत, आणि बाहेर देताना ६४ बिटमध्ये गोल करायचा. आता सगळं पहिल्यापासून ६४ बिटमध्येच होतं, १५-१६ अंक. चौदाव्या पंधराव्या अंकाला फरक दिसला तर तो राउंडिंगचा. चौथ्या पाचव्या अंकाला दिसला तर मात्र मला परत लिहा, प्रोग्रामसकट.

प्रश्न: ताई, मी मेंदूच्या एमआरआयवर पीएचडी करतेय, तिसरं वर्ष. निम्म्या लोकांचे स्कॅन जुन्या इंटेल मॅकवर प्रोसेस झालेत, आता एम चिपचा नवीन मॅक मिळाला, तिप्पट तरी फास्ट वाटतोय. गाईड म्हणतात मधेच मशीन बदलायचं नाही. हा जुनाट विचार नाही का? आणि नवीन मॅकवर आर ही संख्याशास्त्राची भाषा नीट चालते का, कारण सुरुवातीला बरीच बोंब ऐकली होती.

गाईडचं ऐक. आणि हा जुनाट विचार नाहीये गं, याच्यावर मोजून केलेला अभ्यास आहे. २०१२ मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्टच्या संशोधकांनी फ्रीसर्फर हे स्कॅनवरून मेंदूची मापं काढणारं सॉफ्टवेअर घेतलं, तेच स्कॅन घेतले, आणि फक्त व्हर्जन, मशीन आणि मॅकची ऑपरेटिंग सिस्टिम बदलून बघितली. फ्रीसर्फरच्या वेगवेगळ्या व्हर्जनमध्ये मेंदूच्या भागांच्या आकारमानात सरासरी ८.८ टक्के फरक आला, कॉर्टेक्सच्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराच्या, जाडीत २.८ टक्के. मॅक आणि एचपीच्या मशीनमध्ये, किंवा मॅक ओएस १०.५ आणि १०.६ मध्ये, म्हणजे नुसती ऑपरेटिंग सिस्टिम एक पायरी वर गेली तेव्हा, त्याच्या साधारण निम्मा. माणूस तोच, मेंदू तोच! आजारात होणारी झीज काही वेळा याच मापाची असते, मग तू मोजलेली झीज आजाराची की मशीनची? त्यांनी स्वतः सांगितलंय की अभ्यास चालू असताना यातलं काहीच बदलू नका.

सगळ्यात घात कधी होईल माहितीये, पेशंट जुन्यावर आणि निरोगी लोक नव्यावर असं झालं तर. तेवढं तरी तुझ्याकडे झालं नाहीये ना ते आज बघ. नवीन मशीन वापरायचंच असेल तर पहिल्या स्कॅनपासून सगळे पुन्हा नव्यावर चालव, तिप्पट फास्ट असेल तर तेही जमेल, आणि प्रबंधात व्हर्जन, ओएस, चिप सगळं लिही.

आरचं म्हणशील तर ती बोंब खरी होती पण आता जुनी झाली. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये एम १ आला तेव्हा त्याच्यासाठी फोरट्रानचा पक्का कंपायलरच नव्हता, आणि आरच्या पोटात, मॅट्रिक्सच्या हिशोबात, भरपूर फोरट्रान आहे. आरच्या लोकांनी मशीन बाजारात यायच्या आधीच जाहीर लिहून टाकलं की काय चालेल, काय अडेल. मधल्या काळात लोक रोझेटा २ वर, म्हणजे इंटेलचे प्रोग्राम एम चिपवर चालवणाऱ्या ॲपलच्या सोयीवर, इंटेलचंच आर चालवत राहिले आणि मे २०२१ च्या आर ४.१.० पासून एम चिपचं स्वतःचं आर मिळायला लागलं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेव, आर बेरीज आणि सरासरी काढताना आतून ‘लाँग डबल’ वापरतं, तो इंटेलवर ८० बिटचा असतो आणि ॲपलच्या चिपवर ६४ चाच, म्हणून दोन मॅकच्या उत्तरांची तुलना दोन बरोबरच्या चिन्हांनी करू नकोस, किंचित फरक सोडून देणाऱ्या ‘ऑल डॉट इक्वल’ने कर. तसंच एनए (नोंदच नाही) आणि एनएएन (आकडाच नसलेलं उत्तर) एकाच बेरजेत आले तर उत्तर यातलं कुठलं येईल याची आर कधीच हमी देत नाही, ते प्लॅटफॉर्मवर अवलंबून असतं. रिकाम्या नोंदी आधीच निस्तरून घे.

प्रश्न: आमच्या लॅबमधल्या स्पेक्ट्रोफोटोमीटरचं सॉफ्टवेअर फक्त एक्सपीवर चालतं. लिनक्सवर कसं आणू? (लॅब असिस्टंट, नाशिक)

आणू नका. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपलाय, पण उपकरण चांगलं असेल तर ते मशीन तसंच ठेवा, फक्त नेटवर्कची वायर काढून टाका, हार्ड डिस्कची एक पूर्ण कॉपी आजच करून ठेवा आणि रीडिंग टेक्स्ट फाईलमध्ये काढून पेनड्राइव्हने पलीकडे न्या. पुढचं सगळं विश्लेषण लिनक्सवर करा.

प्रश्न: जुन्या मॅकवरच्या एक्सेल फाईलमधून तारखा कॉपी केल्या तर चार वर्षं मागे गेल्या, निरीक्षणं २०११ ची आहेत आणि २००७ दिसतंय!

चार वर्षं आणि एक दिवस. मॅकवरचं जुनं एक्सेल दिवस १९०४ पासून मोजायचं, विंडोजवरचं १९०० पासून. तारखांच्या कॉलममध्ये १,४६२ मिळवा, पण आधी दोन-तीन तारखा तुमच्या कागदी वहीशी ताडून बघा, नाहीतर आधीच कुणीतरी दुरुस्त केलेल्या फाईलला तुम्ही परत ढकलाल.

प्रश्न: मी बेंगळुरूला हवामानावर काम करते. घरच्या जुन्या मॅकबुकवरून फाईली लिनक्स सर्व्हरवर नेल्या. ‘पाऊस’ नावाची फाईल उघडते, ‘वाऱ्याचा_वेग’ उघडत नाही, फाईल सापडत नाही म्हणतो. डोळ्यांसमोर दिसतेय हो ती! सहकारी म्हणतात मराठीत नावं का देतेस.

हा प्रश्न आल्यावर मी अख्खी दुपार याच्यात घालवली, कारण दोष तुमचा नाही आणि मराठीचा तर नाहीच. घोळ त्या ‘ऱ’मध्ये आहे. युनिकोडमध्ये हा ‘ऱ’ एकसंध एक अक्षर म्हणूनही साठवता येतो आणि ‘र’ अधिक खालचा नुक्ता असा दोन तुकड्यांतही. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात. जुन्या मॅकची एचएफएस प्लस ही फाईल सिस्टिम नाव साठवतानाच असे तुकडे करून टाकायची, २०१७ मध्ये आलेली एपीएफएस करत नाही. मॅकवर असेपर्यंत काही कळत नाही कारण मॅक दोन्ही एकच धरतो. लिनक्स मात्र बाइट बघतो, तुमच्या प्रोग्राममध्ये ‘ऱ’ एकसंध टाइप झालाय, फाईलच्या नावात तो तुटलेला आहे, म्हणून त्याच्या लेखी ही दोन वेगळी नावं. ‘पाऊस’मध्ये तुटणारं अक्षरच नाही, म्हणून ती उघडते. शिवाय काही कीबोर्ड ‘वाऱ्या’ लिहायला र, हलंत आणि एक न दिसणारा जोडक घालतात, ती तिसरी तऱ्हा.

पायथनमध्ये ‘युनिकोडडेटा’ नावाचं मॉड्यूल आहे, त्याने सगळी नावं एनएफसी रूपात, म्हणजे एकसंध अक्षरांत, आणून बदलून घ्या, दहा ओळींचं काम आहे. फाईलच्या आतला मराठी मजकूर, गावांची नावं, शेरे यांना हात लावायची गरज नाही. पुढे मात्र ज्या फाईली दोन-तीन सिस्टिमवर फिरणार त्यांची नावं छोट्या रोमन अक्षरांत, मधे जागा न सोडता ठेवा, आणि छोटी म्हणजे सगळीच छोटी, कारण विंडोज लहान-मोठं अक्षर एकच मानतं आणि लिनक्स वेगळं.

प्रश्न: मी विदर्भातल्या एका कृषी महाविद्यालयात शिकवतो. पिकाला पाणी किती लागेल ते काढणारा आमचा प्रोग्राम फक्त विंडोजवर होता, तो मी दीड वर्ष रात्री जागून लिनक्सवर आणला, पैसे नाहीत की रजा नाही. आणि प्रतिक्रिया काय तर, ‘जुनंच बरं होतं’, ‘चालत नाही’, ‘बटणं कुठे गेली’, एकाने तर ‘उत्तर चुकीचं येतं, कुणी सांगितलं होतं हे करायला’ असं लिहिलं. सोडून द्यावंसं वाटतंय.

सोडू नका. दीड वर्षाच्या रात्रींची किंमत मला कळते, मी हेच काम बरीच वर्षं केलंय.

एका प्रयोगशाळेत मी असाच एक प्रोग्राम नव्या सिस्टिमवर आणून दिला होता. तिथे एक तंत्रज्ञ बाई होत्या, पंधरा वर्षं रोज नमुने चढवणाऱ्या. त्यांना नवीन प्रोग्राम आवडला नाही हे कानावर आलं, मी गेले, शेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, तुम्ही करा, मी फक्त बघते. त्यांनी ड्रॉवरमधून शंभर पानी वही काढली. त्यात निळ्या शाईने लिहिलं होतं: ‘आल्ट एफ, खाली, खाली, खाली, एंटर.’ त्या मेनू वाचतच नव्हत्या, बोटांनी मोजत होत्या. मी मेनूमध्ये सगळ्यात वर एक नवीन ओळ घातली होती, त्यामुळे तिसऱ्यांदा खाली गेलं की ‘सेव्ह’च्या ऐवजी ‘क्लोज’ यायचं आणि सकाळची सगळी नोंद जायची. त्यांनी चार दिवस तक्रारसुद्धा केली नव्हती, त्यांना वाटलं आपलंच चुकतंय, आणि जेवणाच्या सुट्टीत बसून सगळं परत भरत होत्या. मी ती ओळ त्याच दुपारी खाली नेली. ‘जुनंच बरं होतं’ या वाक्याच्या मागे अशी वही असू शकते, म्हणून ज्यांनी ते लिहिलं त्यातल्या दोघा-तिघांच्या शेजारी एकदा जाऊन बसा, समजावायला नको, बघायला.

‘चालत नाही’ला चिडू नका, उलट विचारा: काय दाबलं, स्क्रीनवर काय आलं, फोटो पाठवा. लोकांना सांगायचं असतं, कसं सांगायचं ते माहीत नसतं.

आणि ज्या माणसाने ‘उत्तर चुकीचं येतं’ लिहिलं, कितीही रागाने लिहिलं असेना, त्याला आजच फोन करा. तोच तुमच्या सगळ्यात कामाचा आहे. २०१९ ची हवाई विद्यापीठातली गोष्ट सांगते. एनएमआरचे, म्हणजे रेणूची रचना ओळखायच्या एका पद्धतीचे, आकडे हिशोबाने काढायला रसायनशास्त्रातले लोक २०१४ पासून काही पायथन स्क्रिप्ट वापरत होते. तिथल्या एका संशोधक विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की त्याच फाईलींवर त्याच स्क्रिप्टचं उत्तर वेगळं येतंय. तपासलं तर विंडोज १० आणि मॅकच्या मॅव्हरिक्सवर अपेक्षित आकडा, उबुंटू १६ आणि मॅकच्या मोहावीवर वेगळा. कारण एवढंसं, की स्क्रिप्ट फोल्डरमधल्या फाईलींची यादी मागायची आणि ती ज्या क्रमाने मिळेल त्याच क्रमाने जोड्या लावायची, आणि क्रम कुठला द्यायचा ते प्रत्येक सिस्टिम आपल्या पद्धतीने ठरवते, पायथन त्याची हमी देत नाही. यादी आधी क्रमाने लावून घेतली की काम झालं. पाच वर्षं ही स्क्रिप्ट जगभर चालत होती आणि एका माणसाने ‘माझ्याकडे वेगळं येतंय’ म्हटलं म्हणून ते उजेडात आलं.

तुमच्या बाबतीत तर फार चांगली सोय आहे. एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या, १९९८ च्या ५६ क्रमांकाच्या पुस्तिकेत पेनमन-मॉन्टीथ या बाष्पीभवनाच्या सूत्राची सोडवलेली उदाहरणं आहेत, बँकॉकचा एप्रिल महिना दिवसाला ५.७ मिमी आणि ब्रुसेल्समधल्या उक्लचा ६ जुलै ३.९ मिमी. ही दोन प्रोग्राममध्येच घाला, ‘तपासणी’ असं मराठी बटण ठेवा, दाबलं की वापरणाऱ्याच्या स्वतःच्या मशीनवर ती सोडवून हिरवं किंवा लाल दाखवू दे. शेजारी तुमच्या जुन्या विंडोज प्रोग्रामची वीसेक खरी उदाहरणं, आत काय दिलं आणि बाहेर काय आलं, तशीच्या तशी ठेवा. ‘माझ्याकडे चालतं’ हे वाक्य तुमच्या तोंडून जाऊ देऊ नका, समोरच्याला ते फार लागतं. जुना प्रोग्राम लगेच बंद करू नका, एक अख्खा खरीप दोन्ही शेजारी चालू देत, म्हणजे लोक स्वतःच ताडून बघतील. आणि काय अजून होत नाही त्याची यादी तुम्हीच पहिल्या पानावर लावा, आरच्या लोकांनी केलं तसं. लिनक्सलाच बिचकणारे जे असतील त्यांना आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे लिनक्सचे धडे द्या, मराठीतही आहेत, तेवढा भार तुमच्या डोक्यावरून उतरेल.

थँक्यू कुणी म्हटलं नाही असं लिहिलंत. मी सांगलीच्या त्या मुलाला तुमचा प्रोग्राम पाठवू का? त्याला आता दोन मशीनची उत्तरं ताडून बघायची चांगली सवय लागलीये.

पुढच्या अंकासाठी याच विषयावर लिहिणार असाल तर जुनी सिस्टिम कुठली, नवी कुठली, सॉफ्टवेअरचं व्हर्जन, आणि एक छोटं उदाहरण, जुन्यावरच्या आणि नव्यावरच्या दोन्ही उत्तरांसकट, एवढं नक्की पाठवा.